बदली, सेवाज्येष्ठता आणि निवृत्तिवेतन

(पवनार येथे भरलेल्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी या संमेलनात मला बोलावयास सांगितले, आणि विषयाची निवडही माझ्यावरच सोपविली. ज्ञातीचा पूर्वेतिहास, शिक्षणप्रसार, विवाहातील खर्चाची मर्यादा या विषयांवर माझ्याहून अधिकारी वक्ते या मंडपात आहेत. माझी सारी उमेद दिवसा आस्थापना शाखेच्या टेबलावर आणि सायंकाळी कर्मचारी संघटनेच्या कचेरीत गेली. तेव्हा त्या दोन ठिकाणी जे पाहिले तेच आपणापुढे मांडावे, असे मी ठरविले. विषय रुक्ष आहे, हे मला ठाऊक आहे. पण या मंडपात असे कुटुंब क्वचितच असेल की ज्यातील कोणी ना कोणी रेल्वेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत, एस. टी.त, वीज कंपनीत, पुलगावच्या दारूगोळा भांडारात किंवा एखाद्या खाजगी कारखान्यात नोकरीस नाही. आपल्या वाडवडिलांच्या काळी धाम नदीकाठची काळी जमीन हीच त्यांच्या म्हातारपणाची तरतूद होती. ती जमीन वाटण्या होता होता बांधापुरती उरली, आणि तरतुदीची जागा सेवापुस्तकाने घेतली. जमिनीचा सातबारा आपण दरवर्षी तलाठ्याकडे जाऊन पाहतो. सेवापुस्तक मात्र निवृत्तीच्या वर्षापर्यंत उघडून पाहत नाही.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो आणि मग त्याचा विस्तार करतो. सेवाज्येष्ठता ही स्थानाची असते, निवृत्तिवेतन हे काळाचे असते. ज्येष्ठता म्हणजे एका विशिष्ट संवर्गातील रांगेत आपला क्रमांक. ती रांग सोडली की क्रमांक गेला. निवृत्तिवेतन म्हणजे केलेल्या वर्षांची बेरीज. रांग बदलली तरी वर्षे नाहीशी होत नाहीत, मात्र त्यांचा दाखला राहिला पाहिजे. बदलीच्या वेळी आपली माणसे या दोहोंची गल्लत करतात. जे जाणार आहे ते राहील या भ्रमात अर्जावर सही करतात, आणि जे सहज राखता आले असते ते आळसाने घालवितात.

ज्येष्ठतेचा प्रश्न आपल्या विदर्भाला जितका जिव्हाळ्याचा आहे तितका अन्य प्रांतांस क्वचितच असेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा आणि वऱ्हाडचे चार जिल्हे मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. नकाशावरची रेघ एका रात्रीत हलली. पण त्या रेघेबरोबर हजारो कारकून, तहसीलदार, शिक्षक व ओव्हरसियर यांचीही एक प्रकारे बदलीच झाली, आणि तीही घरच्या खुर्चीवर बसल्या बसल्या. नागपूर राजधानी उरले नाही. सचिवालयातील कोणी भोपाळला गेले, कोणी मुंबईला. मुंबईस गेलेल्यांस तेथे मुंबईच्याच जुन्या माणसांची रांग आधीपासून उभी असलेली दिसली. आता या दोन रांगा एकीत कशा मिसळावयाच्या?

याचा विचार करणाऱ्यांनी तो अगदीच केला नव्हता, असे म्हणता येत नाही. मे १९५६ मध्ये मुंबईत भरलेल्या मुख्य सचिवांच्या परिषदेत पदांची तुल्यता ठरविण्याच्या कसोट्या मुक्रर झाल्या: कामाचे स्वरूप, अधिकार व जबाबदारी, किमान पात्रता आणि वेतन. राज्यपुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमात सेवकांना न्याय्य वागणूक मिळावी म्हणून सल्लागार समित्यांची तरतूद झाली, आणि केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून कोणाच्याही सेवेच्या शर्ती त्याला हानिकारक होतील अशा बदलू नयेत, असेही लिहिले गेले. त्यापूर्वी २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात सरकारी नोकऱ्यांत विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे वचन होतेच. कागद भक्कम होता. तरीही मराठवाड्यातील, म्हणजे जुन्या हैद्राबाद राज्यातून आलेल्या, तहसीलदारांचा उपजिल्हाधिकारीपदाच्या बढतीचा वाद सर्वोच्च न्यायालयात १९७३ साली निकालात निघाला, आणि विक्रीकर खात्यातला तसाच वाद १९८१ साली. पुनर्रचना १९५६ ची, निकाल १९८१ चा! ज्यांच्या ज्येष्ठतेसाठी भांडण झाले त्यांपैकी कित्येक तोवर निवृत्त होऊन गेले असतील, हे सांगावयास नको.

तहसीलदारांच्या निकालात न्यायालयाने विभागवार निवडयाद्या करून बढती देण्याची पद्धत समान संधीच्या तत्त्वाविरुद्ध ठरविली, हा मोठा लाभ झाला. परंतु या दोन्ही निकालांतून एक कटू तत्त्वही निघाले, आणि ते प्रत्येक नोकरदाराने पाठ करून ठेवावे असे आहे. बढतीसाठी विचार होणे हा सेवेचा हक्क आहे. बढतीची आशा हा हक्क नव्हे. रांगेत तुमच्यापुढे दहा माणसे येऊन उभी राहिली आणि तुमची पाळी पाच वर्षांनी लांबली, तर कायद्याच्या दृष्टीने तुमची सेवाशर्त बदललीच नाही. पगार तोच, पद तेच, निवृत्तिवेतनाचा हक्क तोच. गेली ती केवळ आशा. माणूस मात्र त्या आशेवरच वीस वर्षे खर्डेघाशी करतो, हा भाग निराळा.

सरकारने स्वतः होऊन हलविले तेथे ही स्थिती. मग आपण होऊन हललो तर काय होते, ते पाहू. येथेच माझ्या व्याख्यानाचा मुख्य भाग आहे.

रेल्वेचे उदाहरण घेतो, कारण वर्धा हे जंक्शन आहे आणि आपल्यापैकी पुष्कळ घरे रुळाच्या आधारावर उभी राहिली. रेल्वेच्या आस्थापना नियमांत बदलीचे तीन प्रकार आहेत. प्रशासनाच्या सोयीसाठी बदली झाली तर त्या श्रेणीत आल्याची मूळ तारीख कायम राहते. स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या ज्येष्ठता-घटकात गेलात तर तेथील त्या श्रेणीतील सर्व कायम, तात्पुरत्या व हंगामी बढतीवरील माणसांच्या खाली तुमचे नाव लागते. परस्पर अदलाबदल केलीत तर दोघांपैकी ज्याचे स्थान खालचे, ते तुम्हांस मिळते. नागपूर शहरात मध्य रेल्वेचा एक नागपूर विभाग आहे आणि दुसरा, पूर्वी दक्षिण-पूर्व रेल्वेचा व २००३ पासून दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेचा. घर तेच, शहर तेच. पण एका कचेरीतून दुसरीत विनंतीवरून गेलेला पंधरा वर्षांचा जुना कारकून तेथे कालच्या मुलाच्या मागे उभा राहतो. हे अंतर मैलांत मोजता येत नाही.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची गोष्टही अशीच आहे. जिल्हा परिषदेचा संवर्ग जिल्ह्यापुरता असतो. गडचिरोलीचा शिक्षक आंतरजिल्हा बदलीने वर्ध्यास आला की वर्ध्याच्या यादीत तो शेवटचा. त्याचा पगार कमी होत नाही, निवृत्तिवेतनासाठी गडचिरोलीची वर्षे धरली जातात. पण मुख्याध्यापक वा केंद्रप्रमुख होण्याची पाळी मात्र मागे जाते. हे तो जाणून करीत असेल तर त्यात वाईट काही नाही. म्हाताऱ्या आईवडिलांजवळ राहण्यासाठी मुख्याध्यापकपद सोडणारा मनुष्य मला आदरणीय वाटतो. प्रश्न आहे तो न जाणता करणाऱ्यांचा, आणि त्याहून अधिक, ज्यांना कोणी विचारलेच नाही त्यांचा.

भगिनींनो, येथे मला थोडे स्पष्ट बोलावे लागेल आणि ते काही वडीलधाऱ्यांस रुचणार नाही. आपल्या मंडळाच्या वधूवर-सूचीत ‘मुलगी नोकरीत आहे’ हे आता गुण म्हणून छापले जाते. पूर्वी ते कोणी सांगत नसे, तेव्हा ही प्रगतीच म्हणावयाची. परंतु लग्न ठरते आणि वऱ्हाडी मंडळींची पहिली अट असते की मुलीने बदली करून मुलाच्या गावी यावे. पती-पत्नी एकत्रीकरण या नावाने बदलीची सोय आहेच. बैठकीत मानपानाची, कापडचोपडाची, जेवणावळीची चर्चा चार तास चालते. मुलीच्या दहा वर्षांच्या ज्येष्ठतेचे काय होणार, याची चर्चा मी आजवर एकाही बैठकीत ऐकलेली नाही. एका भगिनीची हकीकत मला ठाऊक आहे. तिने लग्नानंतर जिल्हा बदलला, आणि पुढे नवऱ्याची बदली झाली म्हणून पुन्हा बदलला. दोनदा ती रांगेच्या शेवटी गेली. नवरा प्रशासकीय बदलीने गेला होता, त्याची ज्येष्ठता अबाधित राहिली. वीस वर्षांनी नवरा अधिकारी झाला आणि ती जेथे होती तेथेच. घरात कोणी कोणाचा द्वेष करीत नव्हते, कोणी जुलूमही केला नव्हता. केवळ हिशेब कोणी मांडला नव्हता. मुलानेही कधी बदलीचा अर्ज करून पाहावा, दोघांपैकी कोणाची ज्येष्ठता अधिक मोलाची आहे हे आधी तपासावे, एवढी अपेक्षा ज्ञातीच्या बैठकीत ठेवण्यास काय हरकत आहे? मंडळाने वधूवर-सूचीत जन्मतारखेजवळ ‘संवर्ग व नेमणुकीची तारीख’ असा एक रकाना घालावा, अशी माझी सूचना आहे. पत्रिकेतले गुण जुळविणाऱ्यांनी हाही एक गुण जुळवून पाहावा!

ज्येष्ठता गेली म्हणजे सर्व गेले असेही नव्हे. विनंती बदलीने ज्येष्ठता गमावलेल्या आपल्या राज्यातील एका कर्मचाऱ्याची पूर्वीची सेवा कालबद्ध पदोन्नतीसाठी धरली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली महाराष्ट्र शासनाच्या अपिलात दिला. क्रमांक जातो, अनुभव जात नाही, हे त्यातील तत्त्व. तेव्हा ज्या ज्या लाभाला ‘इतकी वर्षे सेवा’ अशी अट असेल, त्याला जुनी वर्षे मोजा म्हणून अर्ज करावा. कचेरी आपण होऊन मोजीलच असे नाही. मी त्याच कचेरीत होतो, म्हणून हे सांगतो.

आता निवृत्तिवेतनाकडे वळू. निवृत्तिवेतन ही मालकाची मेहरबानी नव्हे, ते केलेल्या सेवेचे मोल आहे, हे नाकरा खटल्याच्या निकालाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निःसंदिग्धपणे सांगितले, आणि म्हणूनच तो दिवस देशभर निवृत्तांचा दिवस म्हणून पाळला जातो. पण मोल मिळावयाचे तर वर्षांची साखळी तुटता कामा नये. साखळी तुटते ती मुख्यतः तीन प्रकारे.

पहिला प्रकार राजीनाम्याचा. एका सरकारी खात्यातून दुसऱ्यात निवड झालेला उत्साही तरुण पहिल्या खात्याला साधा राजीनामा पाठवितो आणि मोकळा होतो. नियम असा आहे की राजीनाम्याने मागील सेवा जप्त होते. मात्र नवी नेमणूक रीतसर परवानगीने स्वीकारण्यासाठी दिलेला राजीनामा याला अपवाद आहे. अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे आपल्या कार्यालयामार्फत गेला होता का, आणि राजीनाम्यात नव्या पदाचा उल्लेख आहे का, या दोन ओळींवर कित्येकांच्या आठ-दहा वर्षांचा निकाल लागतो. जुन्या योजनेत निवृत्तिवेतनाला किमान दहा वर्षांची अर्हताकारी सेवा लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे या ओळींची किंमत कळेल. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांस अंशदायी योजना आली, तेथेही कागद सुटत नाही. ज्यांच्या पदाची जाहिरात त्या तारखेपूर्वीची होती त्यांना २०२४ साली शासनाने जुन्या योजनेचा विकल्प दिला, तेव्हा दोन-तीन जिल्हे फिरलेल्या माणसांवर वीस वर्षांपूर्वीची जाहिरात शोधत हिंडण्याची पाळी आली.

दुसरा प्रकार सेवाखंडाचा, आणि संघटनेच्या माणसांना तो विसरता येत नाही. ८ मे १९७४ रोजी सुरू झालेला रेल्वेचा संप २७ मे रोजी मागे घेतला गेला. वीस दिवसांच्या त्या लढ्यासाठी हजारोंच्या सेवेत खंड पाडण्यात आला. १९७७ च्या सत्तांतरानंतर ती बाधा दूर झाली खरी. पण ती दूर झाल्याची नोंद आपल्या सेवापुस्तकात उतरली आहे की नाही, हे पाहण्याचे काम ज्याचे त्याचेच राहिले. त्यातच मध्यंतरी बदली झाली असेल तर जुनी कचेरी नव्या कचेरीकडे बोट दाखवी आणि नवी जुनीकडे.

तिसरा प्रकार खाजगी कारखान्यांतील कामगारांचा, आणि मला सर्वांत अधिक काळजी त्यांचीच वाटते. एकेकाळी हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांत माणूस चिकटला की तेथेच म्हातारा होई. आता भुगावच्या पोलाद कारखान्यात दोन वर्षे, बुटीबोरीला तीन, मग चाकणला, असे फिरणे आले. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत दहा वर्षे भरल्यावाचून मासिक वेतन नाही. दहांच्या आत नोकरी सुटली तर निवृत्तिवेतनाचे पैसे काढून घेता येतात, आणि आपली मुले लग्नासाठी वा मोटारसायकलसाठी ते काढतात. काढले की ती वर्षे पुसली गेली. त्याऐवजी भविष्यनिर्वाह निधीचे खाते नव्या मालकाकडे वर्ग करावे, किंवा नोकरी नसेल तर योजना-प्रमाणपत्र घेऊन ठेवावे, म्हणजे वर्षे जमा राहतात. समजण्यापुरता एक हिशेब सांगतो. सरासरी वेतन १५,००० रुपये धरले आणि सेवा वीस वर्षे, तर योजनेच्या सूत्राने वेतनाला वर्षांनी गुणून सत्तरांनी भागावयाचे. वीस वर्षे पूर्ण झाल्याबद्दल दोन वर्षे अधिक मिळतात. म्हणजे बावीस वर्षांचे सुमारे ४,७१४ रुपये. त्याच माणसाने पहिल्या आठ वर्षांचे पैसे काढले असतील तर उरली बारा, जादा दोनही गेली, आणि महिना आला २,५७१ रुपये. दोन्ही रकमा तुटपुंज्याच आहेत, हे मी जाणतो, आणि त्या वाढाव्यात म्हणून निवृत्तांचे चाललेले लढे न्याय्य आहेत. पण तुटपुंज्यातले अर्धे आपल्याच हाताने कमी करावे, हे कोणत्या शहाणपणात बसते?

कधीकधी माणूस जागचा हलत नाही, मालकच बदलतो. ६ जून २००५ रोजी राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन कंपन्या झाल्या. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन अंबाझरीचा कारखाना यंत्र इंडियाकडे, तर भंडारा व चांद्याचे म्युनिशन्स इंडियाकडे गेले, आणि तेथील कामगार मानीव प्रतिनियुक्तीवर असल्याचे ठरले. संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला तो याच भीतीने की प्रतिनियुक्ती संपून समावेशन झाले म्हणजे केंद्रीय सेवकाचा दर्जा जाईल. अशा समावेशनाच्या वेळी सरकारी सेवेपुरते निवृत्तिवेतन वेगळे काढून घ्यावे की दोन्ही सेवा एकत्र मोजाव्यात, असा विकल्प विचारला जातो. तो विकल्प घाईने भरू नये. उलट दिशेचे उदाहरण एस. टी.चे. २०२१-२२ च्या दीर्घ संपात कामगारांनी शासनात विलीनीकरण मागितले. सरकारी मोटारीचा चालक आणि एस. टी.चा चालक यांच्या निवृत्तीनंतरच्या महिन्यात किती अंतर पडते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ती मागणी समजावून सांगावी लागत नाही.

संघटनेविषयी दोन शब्द. संघटनेच्या कार्यकर्त्याला गप्प करण्याचे जुने हत्यार म्हणजे दूरची बदली. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने धोरणाच्या मिषाने दुष्ट हेतूने केलेली बदली ही अनुचित कामगार प्रथा ठरविली, आणि राज्य कर्मचाऱ्यांसाठी २००५ च्या बदली अधिनियमाने एका पदावर सामान्यतः तीन वर्षांचा कालावधी घालून दिला. या दोन्हींमागे संघटनांचे श्रम आहेत. तथापि, संघटनेतही एक दोष मी पाहिला, तो लपवीत नाही. बदली रद्द करून आणणारा पुढारी लोकप्रिय होतो. सदस्यांची सेवापुस्तके तपासून घेणारा होत नाही. पहिल्या कामासाठी मंत्र्याची ओळख लागते, दुसऱ्यासाठी चष्मा आणि चिकाटी.

आता बदलीच्या वेळी काय सांभाळावे, ते सांगतो. आदेशात ‘विनंतीवरून’ लिहिले आहे की ‘प्रशासकीय कारणास्तव’, हे पहिल्या दिवशी वाचावे. प्रशासनाच्या सोयीने होणाऱ्या बदलीसाठी साहेबांनी गोडीने ‘एक अर्ज देऊन ठेवा’ म्हटले तर तो देऊ नये. त्या एका कागदाने बदली तुमच्या विनंतीची होते. कार्यमुक्तीचा आदेश, अंतिम वेतन प्रमाणपत्र आणि रुजू झाल्याचा अहवाल यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. दोन तारखांच्या मधले दिवस पदग्रहण अवधीत किंवा रजेत धरले गेले का, ते पाहावे. आणि नामनिर्देशन! लग्नापूर्वी आईचे नाव लावलेले, पुढे चार कचेऱ्या बदलल्या, मुले झाली, आणि कागदावर अजून दिवंगत आईच. अशा घरातील विधवा भगिनीला उपदानाच्या रकमेसाठी वारसाचा दाखला आणण्यास न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. ज्ञातिमंडळ तिला शिवणयंत्र देते, ते द्यावेच. पण तिच्या नवऱ्याच्या हयातीत एक तक्ता भरून घेतला असता तर ती वेळ आली नसती.

मंडळाच्या चालकांशी बोलून मी एक व्यवस्था केली आहे. उद्या सकाळी आठ ते अकरा या वेळात मी आणि आस्थापना व लेखा शाखांतून निवृत्त झालेले आपले तिघे बंधू याच मंडपाच्या उजव्या बाजूस बसणार आहोत. ज्यांच्याजवळ सेवापुस्तकाची नक्कल, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा किंवा बदलीचे जुने आदेश असतील त्यांनी ते घेऊन यावे. जवळपासच्या गावांहून आलेल्यांनी रात्री घरी जाऊन आणले तरी चालेल. नोकरी करणाऱ्या भगिनींसाठी पहिला तास राखून ठेवला आहे. ज्यांच्याजवळ काहीच नसेल त्यांना नक्कल मागण्याच्या अर्जाचा नमुना तेथेच मिळेल.